चौथी फीत

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या एका जुन्या सहाध्यापकांचा मुलगा भेटावयास आला होता. लहानपणीं तो आमच्या घरीं येई, तेव्हां कागदाचीं विमानें करून माझ्या टेबलावरील पुस्तकांवर उतरवीत असे. आतां तो एका विमानकंपनींत सहवैमानिक आहे. फराळाचें ताट पुढें असूनही त्याचें लक्ष त्यांत नव्हतें. कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, "काका, कप्तानपदाच्या चांचणींत मला मागें ठेवलें. चार हजारांहून अधिक तास उड्डाण झालें, लेखी परीक्षेंत एकदांही नापास झालों नाहीं, विमान हाताला बसलेलें आहे. आणि शेरा काय दिला, तर 'उड्डाण उत्तम. परंतु शेजाऱ्यास विचारीत नाहीं.' हा काय शेरा झाला?"

ज्याचा सारा जन्म मुलांना गुण देण्यांत गेला, त्या मलाही हा शेरा प्रथम चमत्कारिकच वाटला. गणितांत शेंकडा पंचाण्णव गुण मिळविणाऱ्या मुलास, तो वर्गबंधूंशीं बोलत नाहीं म्हणून कोणी नापास केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. मी त्याची समजूत घातली खरी, पण ती वरवरची होती. पुढें कित्येक दिवस तो शेरा माझ्या मनांत घोळत राहिला. मी इतिहासाचा अध्यापक. विमानाचें शास्त्र माझें नव्हे. तथापि अधिकार म्हणजे काय, तो कोणास द्यावा आणि कोणत्या कसोटीवर द्यावा, हा प्रश्न इतिहासाच्या अगदीं घरचा आहे. म्हणून विमानाच्या कप्तानपदाचा इतिहास मीं धुंडाळून पाहिला. आणि त्या सहा शब्दांच्या शेऱ्यामागें शंभर वर्षांचा अनुभव व शेंकडों माणसांचे प्राण उभे आहेत, असें मला आढळून आलें.

'कप्तान' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आला. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर या पदाला स्वतःचे शब्द होतेच. नाखवा हा मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. आणि होडीवरील माणसांना कामाला लावून तिला पैलतीरास नेणारा तो तांडेल. भर समुद्रांत राजा जवळ नसतो, सावकार जवळ नसतो, कायदेपंडित तर नसतोच नसतो. वादळ उठलें असतां शीड उतरावें कीं ठेवावें, याचा निकाल त्याच क्षणीं लागला पाहिजे आणि तो एकाच तोंडून बाहेर पडला पाहिजे. म्हणून जगांतील सर्व दर्यावर्दी लोकांनीं जहाजावर एकाचा हुकूम मानला. विमानानें आपला कप्तान उसना घेतला, तो या समुद्रावरून.

मात्र आरंभीं विमानाला कप्तानाची गरजच नव्हती. १९१९ च्या ऑगस्टच्या २५ तारखेस लंडन व पॅरिस यांच्यामध्यें उतारूंची दैनंदिन विमानसेवा सुरू झाली, तेव्हां एक वैमानिक आणि एक-दोन उतारू एवढाच त्या विमानाचा संसार होता. त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरला पॅरिस येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानें वैमानिकास लायकीचा दाखला आवश्यक ठरविला; परंतु तो दाखला विमान चालवितां येण्याचा होता, माणसें चालवितां येण्याचा नव्हे. आपल्याकडेही तसेंच झालें. १९२९ च्या १० फेब्रुवारीस जे. आर. डी. टाटा यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. या देशांत दिलेला तो पहिला. पुढें १९३२ च्या १५ ऑक्टोबरला ते टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पुसमॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं ते टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें. आपल्या हवाई वाहतुकीचा हा श्रीगणेशा. पण त्या विमानांत हुकूम ऐकावयास दुसरें माणूसच नव्हतें. जेथें हाताखालीं कोणी नाहीं तेथें कप्तान कोणाचा व्हावयाचा?

हें पद खऱ्या अर्थानें जन्मास आलें तें महासागर ओलांडण्याची वेळ आली तेव्हां. १९२७ सालीं निघालेल्या पॅन अमेरिकन या कंपनीनें पाण्यावर उतरणारीं प्रचंड विमानें बांधवून घेतलीं, त्यांना जुन्या शिडाच्या जलद जहाजांचें 'क्लिपर' हें नांव दिलें आणि वैमानिकांच्या अंगांतील कातडी कोट काढून आरमारी थाटाचा पोशाख चढविला. बाहीवरील वा खांद्यावरील ज्या फितींवरून आज आपण हुद्दा ओळखतों, त्या या समुद्री थाटाचेंच स्मारक होत. तीन फिती सहवैमानिकाच्या, चार कप्तानाच्या. परंतु तो नुसता पोशाखाचा डौल नव्हता. कंपनीनें शिकाऊ वैमानिकापासून महासागरी विमानाच्या 'मास्टर'पर्यंत पायऱ्यांची एक उतरंडच रचली. उमेदवारास विमान चालवितां येणें हें केवळ प्रवेशमूल्य. पुढें त्यानें इंजिन खोलून जोडावें, ताऱ्यांवरून स्थान काढावें, बिनतारी संदेश द्यावे-घ्यावे, आणि प्रत्येक कामाची परीक्षा देत वर्षानुवर्षें चढत जावें. ज्याचें काम आपणांस येत नाहीं त्याच्यावर हुकूम चालवूं नये, हें त्या शिक्षणाचें तत्त्व होतें. १९३५ च्या २२ नोव्हेंबरला 'चायना क्लिपर' विमान सान फ्रान्सिस्कोहून टपाल घेऊन मनिल्यास निघालें, तेव्हां त्याचे कप्तान एडविन म्यूसिक हे याच शाळेंत तयार झालेले होते.

या शिक्षणाची खरी परीक्षा १९४१ च्या डिसेंबरांत झाली. रॉबर्ट फोर्ड यांचें 'पॅसिफिक क्लिपर' न्यूझीलंडमधील ऑकलंड गांठण्याच्या बेतांत असतां पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाल्याची वार्ता आली. आल्या वाटेनें परतणें अशक्य झालें. वरून आज्ञा आली कीं पश्चिमेकडून, म्हणजे उरलेल्या पृथ्वीला वळसा घालून, विमान न्यूयॉर्कला आणावें. त्या वाटेचे नकाशे जवळ नव्हते आणि बहुतेक वाटेंत कंपनीचीं ठाणीं नव्हतीं. सुरबाया येथें विमानाचें इंधन मिळेना, तेव्हां मोटारीचें इंधन भरून ते निघाले. त्रिंकोमालीहून निघतांच एक इंजिन बिघडलें. परत उतरून तें दुरुस्त करावें लागलें. तेथून कराची, बहारीन, खार्टुम, काँगो नदीवरील लिओपोल्डव्हिल, ब्राझिलांतील नाताळ असे मुक्काम करीत १९४२ च्या ६ जानेवारीस पहांटे ते विमान न्यूयॉर्कच्या पाण्यावर उतरलें. एकतीस हजार मैलांहून अधिक प्रवास झाला आणि त्यांतील बहुतेक वाट त्या विमानाला अपरिचित होती. समुद्रावरचा जुना नाखवा हा प्रवास पाहता तर त्यानें फोर्डना आपल्या जातीचा म्हणून ओळखलें असतें.

आपल्याकडे हें पद या स्वरूपांत स्वातंत्र्याबरोबरच आलें. १९४८ च्या ८ जूनला 'मलबार प्रिन्सेस' हें एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान मुंबईहून कैरो व जिनेव्हा या मार्गानें लंडनला गेलें, तेव्हां कप्तान होते के. आर. गझदर. जुहूच्या मैदानावर एकटेंच उतरणारें तें लहानसें विमान आणि हें चार इंजिनांचें विमान यांमध्यें अवघीं सोळा वर्षें गेलीं होतीं.

या अवधींत कायद्यानेंही कप्तानास आपलें बळ दिलें. १९४४ च्या ७ डिसेंबरला शिकागो येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या आधारानें पुढें तयार झालेल्या नियमांप्रमाणें विमानाविषयींचा अंतिम निर्णय त्याच्या प्रमुख वैमानिकाचा असतो. संकट टाळण्यासाठीं नियम मोडणें अवश्य झाल्यास तो मोडण्याचीही त्यास मुभा असते. एवढा अधिकार द्यावयाचा तर पात्रतेला माप हवें. तें माप कायद्यानें तासांत घातलें. आज भारतांत अठरा वर्षें पुरीं झालेला, पदार्थविज्ञान व गणित घेऊन बारावी उत्तीर्ण झालेला आणि प्रकृतीच्या कडक तपासणींत उतरलेला उमेदवार २०० तास उड्डाण करून व हवामान, मार्गनिर्णय, नियम इत्यादि विषयांच्या परीक्षा देऊन धंद्याचा पहिला परवाना मिळवितो. मग एखाद्या विशिष्ट जातीच्या विमानाचें शिक्षण घेऊन तो सहवैमानिक म्हणून उजव्या आसनावर बसतो. एकूण १५०० तास भरले, त्यांत रात्रीचे, दूरच्या प्रवासाचे आणि केवळ उपकरणांवर विसंबून केलेल्या उड्डाणाचे ठराविक तास आले, वय एकवीस झालें आणि वरची परीक्षा उतरली, म्हणजे सर्वांत वरचा परवाना हातीं येतो.

परंतु परवाना म्हणजे कप्तानपद नव्हे, ही गोष्ट बाहेरच्या लोकांस सहसा ठाऊक नसते. परवाना सरकार देतें. कप्तान कंपनी करते. त्यासाठीं बहुधा अनेक वर्षें उजव्या आसनावर काढावीं लागतात, सेवाज्येष्ठतेची पाळी यावी लागते आणि कंपनींत जागा रिकामी असावी लागते. मग सिम्युलेटर नांवाच्या जमिनीवरील कृत्रिम विमानांत त्याच्यापुढें संकटें मांडतात: इंजिन पेटलें आहे, धुकें दाटलें आहे, उतारू आजारी आहे, आणि हीं सारीं एकाच वेळीं. तीं पार पडल्यावर एका परीक्षक कप्तानाच्या नजरेखालीं डाव्या आसनावरून खरीं उड्डाणें करावयाचीं. तेव्हां कोठें चौथी फीत. आणि तीही कायमची नव्हे. ठराविक मुदतीनें पुन्हां चांचणी, पुन्हां प्रकृतीची तपासणी, आणि पासष्टाव्या वर्षीं निवृत्ति. आम्हां अध्यापकांस एकदां पदवी मिळाली कीं पुढें कोणी परीक्षा घेत नाहीं, हें येथें मनांतल्या मनांत कबूल केलेलें बरें.

हें सारें सांगितल्यावर माझ्या तरुण मित्राची तक्रार अधिकच रास्त वाटूं लागते. तास भरले, परीक्षा झाल्या, हात बसला. मग उरलें काय? याचें उत्तर १९७७ च्या २७ मार्चनें दिलें आहे.

त्या दिवशीं स्पेनच्या ताब्यांतील टेनेरिफ बेटावरच्या लहानशा विमानतळावर, शेजारच्या बेटावरील बाँबस्फोटामुळें वळविलेल्या विमानांची दाटी झाली होती. धुकें उतरत होतें. डच कंपनीच्या अजस्र बोइंग विमानाचे कप्तान हे त्या जातीच्या विमानाचें शिक्षण देणारे त्या कंपनींतील प्रमुख गुरु होते. उड्डाणाचे अकरा हजारांहून अधिक तास त्यांच्या गांठीस होते. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचें छायाचित्र झळकत असे. आणि शेजारीं बसलेला सहवैमानिक? त्याची या विमानावरील पात्रता-चांचणी सुमारें दोनच महिन्यांपूर्वीं याच कप्तानांनीं घेतली होती. कप्तानांनीं प्रथम इंजिनांचा वेग वाढविला तेव्हां सहवैमानिकानें, अद्याप परवानगी मिळाली नाहीं, असें सांगितलें, ते थांबले. थोड्या वेळानें, उड्डाणाची स्पष्ट आज्ञा नसतांच, त्यांनीं पुन्हां विमान सोडलें. या खेपेस सहवैमानिकानें त्यांना अडविलें नाहीं. मागें बसलेल्या यंत्रज्ञानें मात्र पृच्छा केली कीं, तें दुसरें अमेरिकन विमान धावपट्टीवरून दूर झालें आहे ना? कप्तानांनीं ठासून होकार दिला. यंत्रज्ञ गप्प बसला. काहीं क्षणांत दोन्हीं विमानें एकमेकांवर आदळून ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं.

त्या खोलींत ज्ञानाची उणीव नव्हती, तासांची नव्हती, आणि धक्कादायक गोष्ट ही कीं शंकेचीही नव्हती. योग्य शंका योग्य वेळीं उच्चारली गेली होती. परंतु ती विचारणाराचा हुद्दा लहान होता आणि ऐकणाराची कीर्ति मोठी होती. पुढच्याच वर्षीं २८ डिसेंबरला अमेरिकेंत पोर्टलंडजवळ अशीच गोष्ट घडली. चाकांच्या बिघाडाची चौकशी करीत विमान सुमारें तासभर घिरट्या घालीत राहिलें. इंधन संपत आल्याचें सहकाऱ्यांनीं सुचविलें, पण भीत भीत, आणि कप्तानाच्या ध्यानांत तें पुरतें शिरलें नाहीं. इंधन संपून विमान पडलें व दहा माणसें मेलीं. या कप्तानाचे तास तर सत्तावीस हजारांहून अधिक होते.

तासांच्या मापावरील आमची श्रद्धा मात्र लवकर सुटत नाहीं. २००९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतच बफेलोजवळ एक विमान पडून पन्नास माणसें मेलीं. तेव्हां लोकक्षोभ होऊन उतारूंच्या विमानांतील सहवैमानिकासही १५०० तासांची अट घालणारा कायदा झाला. त्या अपघातांतील दोघांही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते.

टेनेरिफ आणि पोर्टलंड येथील प्रेतांच्या राशींतून धडा मात्र निघाला. १९७९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें वैमानिकांची व तज्ज्ञांची एक परिषद भरवून हा प्रश्न मांडला. १९८१ त युनायटेड कंपनीनें आपल्या वैमानिकांना याचें रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. आणि पुढें तें जगभर अनिवार्य झालें. त्या शिक्षणाचें सार आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, हुकूम एकाचा, पण मसलत सर्वांची. सहवैमानिकास स्पष्ट बोलण्याची आणि कप्तानास तें ऐकण्याची तालीम द्यावयाची. पहिली कठीण खरी, पण दुसरी तिच्याहून कठीण. कारण अधिकार हाच मुळीं कान बधिर करणारा पदार्थ आहे.

या तालमीचें फळ १९८९ च्या १९ जुलैला दिसून आलें. युनायटेडच्याच एका विमानाचें शेपटाकडील इंजिन फुटून त्याचे सुकाणूचे तिन्ही मार्ग तुटले. अशा स्थितींत काय करावें हें कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलें नव्हतें. कप्तान अल हेन्स यांनीं सहकाऱ्यांना तर विचारलेंच, पण उतारूंत बसलेल्या एका शिक्षक वैमानिकास पुढें बोलावून उरलेल्या दोन इंजिनांचे खटके त्याच्या हातीं सोंपविले. दोन्ही इंजिनांचा वेग कमीअधिक करीत त्यांनीं तें विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलें. तें उतरतांना मोडलें, पेटलें. ११२ माणसें गेलीं, परंतु २९६ पैकीं १८४ वांचलीं. हेन्स यांनीं पुढें आयुष्यभर त्याचें श्रेय स्वतःच्या हाताला न देतां त्या मसलतीला दिलें.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. जी माणसें परीक्षेच्या दारापर्यंतही येऊं शकलीं नाहींत, त्यांची. अमेरिकेंतील मार्लन ग्रीन हा हवाई दलांतून आलेला कृष्णवर्णी वैमानिक. १९५७ सालीं त्यानें काँटिनेंटल कंपनीकडे अर्ज केला. त्याच्याहून कमी तास उडालेल्या गोऱ्या उमेदवारांस कंपनीनें घेतलें, त्यास नाकारलें. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९६३ त एकमतानें निकाल त्याच्या बाजूचा झाला, १९६५ त त्यास नोकरी मिळाली आणि १९६६ त तो कप्तान झाला. विमान चालविण्यास शिकावयाला त्यास जेवढा काळ लागला असेल, त्याहून कितीतरी अधिक तें चालवूं देण्यास जगाला लागला. आपल्याकडे १९८५ सालीं कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फोकर विमानांत वैमानिक व सेवक वर्ग सारा स्त्रियांचाच होता. त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. त्याच विमानांत शेजारीं बसलेल्या निवेदिता भसीन १९९० त, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, जेट विमानाच्या कप्तान झाल्या. दार उघडल्यावर पात्रता किती लवकर पुढें येते याचा हा दाखला होय. आणि ज्यांचें ऐकण्याची संवय नाहीं त्यांना खोलीच्या बाहेर ठेवणारा समाज व शेजाऱ्यास न विचारणारा कप्तान, यांचा दोष मुळांत एकच नाहीं काय?

हें सारें मीं त्या मुलास एका लांब पत्रांत लिहून कळविलें. उत्तर आलें नाहीं. मीही तें अपेक्षिलें नव्हतें. तरुण माणसास इतिहासाचा दाखला म्हणजे जखमेवर चोळलेलें मीठच वाटतें. पुढें कळलें कीं सहा महिन्यांनीं तो पुन्हां चांचणीस बसला व उतरला.

यंदाच्या श्रावणांत तो आला तेव्हां खांद्यावर चार फिती असाव्या अशी माझी समजूत. पण तो साध्या सदऱ्यांतच होता. चहा घेतां घेतां म्हणाला, "काका, परवां मुंबईस उतरत होतों. पाऊस असा कीं कांच पुसली जाईना. मला धावपट्टीचे दिवे दिसले. मी उतरविलें असतें. शेजारचा मुलगा नवखा, आठ महिन्यांचा. तो म्हणाला, सर, वारा फिरला आहे, वर जाऊं या. मीं विमान वर घेतलें आणि अहमदाबादेस नेलें. उतारू चिडले. एक गृहस्थ तर दारांत मला ऐकूं येईल असें म्हणाले, कप्तान नवशिका दिसतो."

"आणि वारा खरोखर फिरला होता?" मीं विचारलें.

"ठाऊक नाहीं," तो म्हणाला. "उतरलों असतों तर कदाचित् कांहींच झालें नसतें. पण त्यानें सांगितलें आणि मीं ऐकलें, एवढें मात्र त्याला ठाऊक झालें. पुढच्या खेपेला तो पुन्हां बोलेल."

एवढें बोलून त्यानें बशींतली चकली उचलली.